डबघाईला आलेले मनोरंजन उद्यान कसे सावरावे : कोकण किनाऱ्यावरील उद्यानचालकांसाठी

उद्यान तोट्यात जाऊ लागले की चालकाच्या मनात पहिला विचार येतो तो नव्या पाळण्याचा. कोणीतरी शेजारच्या जिल्ह्यात उंच टॉवर उभारलेला असतो, मुंबईकडच्या उद्यानांबाहेरच्या रांगांचे व्हिडिओ फिरत असतात, आणि आपणही काहीतरी मोठे आणल्याशिवाय लोक येणार नाहीत, अशी त्याची खात्री पटते. त्यातून आधीच थकलेल्या कर्जावर दुसरे कर्ज चढते. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली द्रुतगती मार्गालगत, मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांच्या हाकेच्या अंतरावर सुरू झाले. तरीही कर्जाच्या ओझ्याने ते वाकले आणि २०२२ मध्ये त्याचा ताबा मालपाणी समूहाकडे गेला. तालुक्याच्या गावाजवळ, चौपदरीकरणाची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या महामार्गापासून आत वळून जावे लागते अशा ठिकाणी, मोठ्या पाळण्याच्या जोरावर तरून जाण्याचा हिशेब बसणे त्याहून कठीण आहे.

कोकणातल्या लहान उद्यानाची दुखणी निराळी असतात. निम्मे पाळणे बंद, स्वच्छतागृहाला कडी नाही, एप्रिलअखेर पाण्याचा टँकर आणि मिरगापासून चार महिने कुलूप. नव्या पाळण्याने यातले एकही दुखणे बरे होत नाही. म्हणून येथे सुचविलेला क्रम उलटा आहे : आधी उद्यान लहान करावे, उरेल ते चोख चालवावे, आणि मगच साधारण पन्नास किलोमीटरच्या परिघातले कुटुंब वर्षातून दुसऱ्यांदा कसे येईल याच्या मागे लागावे.

चालू काय आहे, ते आधी पाहावे

एका जाड वहीत प्रत्येक पाळण्याचे एक पान करावे. गेल्या हंगामात तो किती दिवस बंद होता, त्याची किती कुपने फाटली, दुरुस्तीवर किती खर्च झाला आणि तो चालविण्यास किती माणसे लागली, एवढ्या चारच गोष्टी त्यावर लिहाव्यात. पाने भरली की दोन-तीन पाळणे असे निघतात, जे कमावतात त्यापेक्षा जास्त खातात. ते काढून टाकावेत. असा पाळणा ताडपत्री घालून हंगामभर उभा ठेवणे सर्वांत वाईट, कारण पैसे मोजून आत आलेल्या माणसाच्या नजरेत तोच आधी भरतो आणि घरी गेल्यावर ‘निम्मे बंदच आहे’ एवढेच तो चार लोकांना सांगतो. मोटर, गिअरबॉक्स आणि विजेचे पॅनेल तपासून सुटे भाग म्हणून ठेवण्यास हरकत नाही. परंतु सांगाड्यातून निघालेली पिन, बोल्ट किंवा आसनाचा पट्टा दुसऱ्या पाळण्याला कधीही लावू नये. तो माल थेट भंगारात जावा.

जे पाळणे उरतील त्यांची ताशी क्षमता मोजावी. समजा २४ आसनांचे कोलंबस (जहाजासारखा मागेपुढे झुलणारा पाळणा) आहे, ते तीन मिनिटे झुलते, आणि लोक उतरून नवे चढेपर्यंत आणखी तीन मिनिटे जातात. म्हणजे तासाला दहा फेऱ्या आणि जास्तीत जास्त २४० माणसे. उतरण्याचा जिना वेगळा केला, चपला व पिशव्या ठेवण्यासाठी फळी लावली, आणि उंचीची पट्टी पाळण्याच्या दारात नव्हे तर रांगेच्या तोंडाशी उभी केली, तर चढ-उतार दोन मिनिटांत होते. तासाला बारा फेऱ्या, २८८ माणसे. सुताराच्या दोन दिवसांच्या मजुरीत मे महिन्यातल्या रविवारची रांग अशी आखडते. सुरक्षा-दांडा तपासण्याचा वेळ मात्र यातून एक सेकंदही वाचवायचा नाही. वाचवायचा तो गोंधळाचा वेळ.

खारे वारे आणि लोखंड

समुद्राजवळच्या उद्यानात लोखंडाचे आयुष्य घाटावरच्या लोखंडाइतके नसते. दुपारनंतर समुद्रावरून सुटणाऱ्या वाऱ्यातले मीठ सांध्यांत, वेल्डिंगच्या कडेला, बोल्टच्या डोक्याखाली आणि पोकळ नळीच्या आतल्या अंगाला बसते, आणि हवेतली ओल ते कोरडे होऊ देत नाही. रंगाने हा गंज झाकला जातो, थांबत नाही. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर जुन्या रंगावर नव्या रंगाचा हात फिरविण्याची जी सर्रास पद्धत आहे, ती पाळण्याला देखणे करते आणि तपासणाऱ्याला आंधळे. जुना रंग खरवडून, धातू उघडा करून, सांधा डोळ्यांनी पाहून, मग प्रायमर आणि मग रंग, हाच क्रम योग्य. आणि तो एकाच वर्षी सर्व पाळण्यांना परवडत नसेल, तर दरवर्षी दोन पाळणे पूर्ण करावेत, परंतु सर्वांना वरवर रंगवू नये.

रोजच्या पाहणीत गंजाचे ओघळ शोधावेत. एखाद्या बोल्टखालून तपकिरी ओघळ उतरलेला दिसला, तर मदतनीस तो सवयीने फडक्याने पुसून टाकतो, कारण मालकाला स्वच्छता आवडते. त्याला तसे करू देऊ नये. आधी फोटो काढावा, खडूने खूण करावी, आणि तो पाळणा त्या दिवशी बंद ठेवून बोल्ट बाहेर काढून त्याचे आटे व मान पाहावी. असा ओघळ अनेकदा सांध्याच्या आत पाणी शिरल्याचे आणि सांधा हलत असल्याचे पहिले लक्षण असतो.

येथे एका सार्वत्रिक चुकीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. गंजलेला बोल्ट काढला की गावचा मेकॅनिक हार्डवेअरच्या दुकानातून चकचकीत स्टेनलेस स्टीलचा बोल्ट आणतो, आणि तो गंजत नाही म्हणून सर्वांना समाधान वाटते. मूळ बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे अंक असतात. पहिल्याची तन्यताशक्ती, म्हणजे न तुटता ताण सोसण्याची ताकद, साधारण ८०० आणि दुसऱ्याची १,००० मेगापास्कल असते. दुकानात सहज मिळणारा ए२-७० खुणेचा स्टेनलेस बोल्ट ७०० मेगापास्कलचा असतो. म्हणजे गंज टाळण्याच्या नादात भार पेलणारा सांधा दुबळा होतो. शिवाय साध्या लोखंडाला स्टेनलेस भिडले आणि मध्ये खारे पाणी आले, की भोवतालचे लोखंड अधिक वेगाने खाल्ले जाते. भार पेलणाऱ्या जागी निर्मात्याने दिलेल्या दर्जाचाच, जस्ताचा योग्य थर असलेला बोल्ट वापरावा. कठडे, पाट्या, कड्या अशा ठिकाणी स्टेनलेस जरूर वापरावे, आणि तेथेही ३०४ ऐवजी ३१६ दर्जाचे घ्यावे, कारण त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते मिठाला अधिक काळ दाद देत नाही.

नट ठरलेल्या टॉर्कने, म्हणजे ठरलेल्या पिळाच्या जोराने, आवळल्यावर नटापासून पत्र्यापर्यंत पिवळ्या ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. सकाळच्या फेरीत ती रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे, हे पाना न लावताच कळते. नायलॉनची कडी असलेले नट एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत. हे सर्व रोजच्या तपासणीच्या कागदावर यावे, आणि त्या कागदावर सही करणाऱ्याने ती पाळण्याजवळ उभे राहून करावी; शनिवारी चहा पिता पिता आठवड्याच्या सात सह्या एकदम होत असतील, तर तो कागद नसलेला बरा.

वर्षातून एकदा बाहेरच्या तज्ज्ञाकडून पिना, शाफ्ट आणि मुख्य वेल्डिंगची चाचणी करून घ्यावी. रंगीत द्रव लावून, चुंबकीय कणांनी किंवा ध्वनिलहरींनी ही तपासणी होते आणि डोळ्यांना न दिसणारी भेग तिच्यात सापडते. अहमदाबादच्या कांकरिया येथे जुलै २०१९ मध्ये झुलता पाळणा चालू असताना मोडून पडला आणि माणसे दगावली, हे प्रत्येक चालकाने ध्यानात ठेवावे. पाळण्यांविषयी भारतीय मानक ब्युरोची मानके आहेत. ती मागवून घ्यावीत आणि वार्षिक तपासणीचा अहवाल त्यांच्याशी ताडून पाहण्यास तज्ज्ञाला सांगावे.

पाण्याचा हिशेब

तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात वॉटर पार्कला टँकर लागावा, हे बाहेरच्या माणसाला खरे वाटत नाही. जांभ्याच्या कातळावर राहणाऱ्याला त्यात नवल नाही : पाऊस पडतो, जांभ्यातून झिरपतो, पऱ्ह्यांतून समुद्राला मिळतो आणि एप्रिलमध्ये विहीर तळ दाखवते. नेमका तोच हंगाम. पाचशे चौरस मीटरच्या तलावातून रोज पाच मिलिमीटर पाणी उडून गेले, तरी २,५०० लिटर जातात. फिल्टर उलटा धुताना जाणारे आणि घसरगुंडीवरून बाहेर उडणारे पाणी त्याहून वेगळे.

यावर उपाय छपरात आहे. एक हजार चौरस मीटर पत्र्यावर वर्षभरात तीन मीटर पाऊस पडला तर तीस लाख लिटर पाणी होते; सांडलवंड सोडून वीस लाख जरी साठवता आले तरी हंगाम निघतो. मात्र जांभ्यात खणलेला हौद तसाच ठेवला तर दिवाळीपर्यंत रिकामा होतो, म्हणून शेततळ्याला वापरतात तसे जाड प्लास्टिकचे अस्तर त्याला हवेच, आणि वर सावली हवी. पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी सोडून द्यावे, कारण त्यात पत्र्यावरची धूळ, पाने आणि मीठ असते.

पाण्याची गुणवत्ता हा विषय लोक वासावरून ठरवतात आणि तेथेच फसतात. क्लोरीनचा उग्र वास येतो म्हणजे पाणी स्वच्छ, असा समज आहे. प्रत्यक्षात तो वास घाम आणि लघवीशी संयोग होऊन निकामी झालेल्या क्लोरीनचा असतो. मोकळा क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि सामू (पीएच) ७.२ ते ७.८ या मर्यादेत ठेवावा. सामू ८ च्या पुढे गेला की तेवढाच क्लोरीन फारच कमी काम करतो, आणि ब्लिचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट ओतत राहिल्याने सामू चढतच जातो. कडक उन्हात मोकळा क्लोरीन काही तासांत उडून जातो, म्हणून सकाळची एक तपासणी पुरेशी नाही. गर्दीच्या दिवशी दर दोन तासांनी तपासावे आणि आकडे प्रवेशद्वाराजवळच्या फळ्यावर लिहावेत. तलावात उतरण्याआधी अंघोळ सक्तीची करावी. नुसती पाटी लावून ती होत नाही, तलावाकडे जाण्याची वाटच शॉवरखालून काढावी लागते.

कोकणाचे वर्ष आणि उद्यानाचे वर्ष

बहुतेक चालक वर्षाचे दोन भाग करतात, पावसाळा आणि बाकीचे. हे फार ढोबळ आहे. शिमग्याला चाकरमानी गावी येतो, पण त्याचे चित्त पालखीत असते. उद्यानाकडे तो परतीच्या आदल्या दिवशी मुलांना घेऊन येतो. मे महिन्यात तो महिनाभर असतो आणि सकाळी आंबे, दुपारी झोप, संध्याकाळी काहीतरी हवे, असे त्याचे दिवस जातात. म्हणून मेमध्ये उद्यान सकाळी दहाला उघडून सहाला बंद करणे हा शुद्ध तोटा होय. दुपारी तीन ते रात्री नऊ ही वेळ ठेवावी, दिवे चांगले लावावेत, आणि जलविभाग फक्त उजेडात चालवावा. गणपतीत गौरी-विसर्जनानंतरचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे, पावसाने उघडीप दिली तर, पण तेही यांत्रिक पाळण्यांशिवाय. दिवाळीची सुट्टी पर्यटकांची, आणि डिसेंबर-जानेवारी शाळांच्या सहलींचा.

सहलीकडे दुर्लक्ष होते, कारण तिचा दर कमी असतो. पण सहल आठवड्याच्या मधल्या, एरवी रिकाम्या दिवशी येते आणि तिची तारीख आधी कळते. शिवाय सहलीला आलेले मूल मेमध्ये आईवडिलांना घेऊन येते. शिक्षकांना कमी दरापेक्षा तीन गोष्टींची अधिक चिंता असते : मुलगी हरवणार नाही ना, जेवायला सावलीत जागा आहे का, आणि स्वच्छतागृहे किती. या तिन्हींची उत्तरे लिहिलेले एक पानी पत्रक सप्टेंबरातच मुख्याध्यापकांच्या हाती पोहोचले पाहिजे, कारण सहली तेव्हाच ठरतात.

पावसाळ्याच्या चार महिन्यांत यांत्रिक पाळणे बंदच ठेवावेत. शेवाळ, वीज आणि ओले ब्रेक यांच्याशी पैज लावू नये. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि तौक्ते मे २०२१ मध्ये, म्हणजे ऐन हंगामात, किनाऱ्यालगत वर सरकले. त्यामुळे छत, फलक आणि आसने उतरवून बांधण्याची यादी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच तयार असावी. वळवाच्या दिवसांत ढग गडगडले की उंच पाळणे आणि तलाव रिकामे करावेत आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा. वाहत्या वाऱ्यात पाळणा चालू ठेवण्याची मर्यादा निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेली असते. त्यासाठी वेगमापक लावावा, झाडांच्या शेंड्यांवरून अंदाज बांधू नये.

पावसाळ्यात उत्पन्न हवे म्हणून पत्र्याची शेड ठोकून आत खेळांची यंत्रे मांडण्याचा मोह अनेकांना होतो. राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ रोजी लागलेल्या आगीत २७ जणांचा जीव गेला. विरुद्ध दिशांना दोन रुंद दारे, अग्निशमन विभागाचा परवाना, आणि लोक आत असताना वेल्डिंगला पूर्ण बंदी, एवढे जमत नसेल तर शेडचा विचार सोडून द्यावा. किनाऱ्यालगत कोणतेही नवे बांधकाम करण्यापूर्वी सागरी किनारा नियमन क्षेत्राची रेषा आपल्या सातबाऱ्यावरून कोठून जाते, हेही पाहून घ्यावे.

तिकीट

सर्वांना एकच भारी दर लावून दिवसभर वाटेल तेवढे खेळा, ही शहरी पद्धत येथे उलटते. कोकणातले कुटुंब येते ते आजी, आत्या, मावशी आणि चार पोरांसह. त्यातली तीन माणसे एकाही पाळण्यात बसत नाहीत. त्यांच्याकडून पूर्ण तिकीट घेतले की पुढच्या वेळी सारे घरच येत नाही. प्रवेश नाममात्र ठेवावा, पाळण्यांची कुपने वेगळी द्यावीत, आणि ज्यांना दिवसभर खेळायचे आहे त्यांच्यासाठी मनगटाची पट्टी वेगळ्या दराने ठेवावी. बसून राहणारी आजी शेवटी शहाळे घेतेच आणि नातवाला आणखी दोन कुपनांचे पैसेही तीच देते. उद्यानाच्या प्रवेशावरील जीएसटी जानेवारी २०१८ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तिकिटावर छापलेला दर करासहच असावा, खिडकीवर वाढीव रक्कम सांगितली की रांगेतच वाद सुरू होतो.

आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठी महिला मंडळे आणि बचत गट यांना बोलवावे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे, त्यामुळे प्रवासाचा खर्च आता अडथळा उरलेला नाही. अडथळा आहे तो फाट्यापासून उद्यानापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरचा. तेथे ठरलेल्या वेळी रिक्षा किंवा टमटम उभी राहील, अशी व्यवस्था स्थानिक रिक्षाचालकांशी बोलून करावी.

स्वच्छतागृह, सावली आणि खाणे

स्त्रिया उद्यानात किती वेळ थांबतील हे पाळण्यांवर ठरत नाही. कडी लागणारे दार, कोरडी जमीन, पिशवी अडकवायला खुंटी, झाकणाचा डबा, चालू दिवा आणि नळाला पाणी या सहा गोष्टी दर तासाला पाहणारी एक पगारी बाई नेमावी आणि तिला वापरणाऱ्यांकडून पैसे मागू देऊ नयेत. कपडे बदलण्याच्या खोलीच्या भिंती छतापर्यंत भिडलेल्या असाव्यात.

सावलीसाठी सुरूची रांग लावू नये, ती वादळात मोडून पडते. उंडी आणि करंज खारी हवा सोसतात. वाटेवर माड असतील तर हंगामापूर्वी पाडेकऱ्याला चढवून नारळ आणि सुकलेल्या झावळ्या उतरवून घ्याव्यात, आणि ही तारीखही तपासणीच्या वहीत असावी. खाण्याच्या ठिकाणी बाहेरून आणलेल्या चिप्सच्या माळा टांगण्यापेक्षा घावणे-चटणी, कोकम सरबत आणि उसळ-भाकरी यांचा एक गाळा बचत गटाला कमी भाड्याने द्यावा. खेळण्यांच्या दुकानात सावंतवाडीची लाकडी खेळणी ठेवावीत, आणि पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ हंगामात शनिवारी संध्याकाळी ठेवता आला तर कलाकारांना ठरलेले मानधन आगाऊ द्यावे. तोट्यातल्या उद्यानाने कलाकाराला गल्ल्यातला वाटा देऊ करणे म्हणजे आपला तोटा त्याच्या माथी मारणे आहे.

माणसे, बँक आणि फाट्यावरचा फलक

एप्रिल-मेमध्ये उद्यानाला माणसे हवी असतात तेव्हाच आंब्याची काढणी आणि भरणी चालू असते, त्यामुळे रोजंदारीवर मिळेल तो मुलगा पाळण्याच्या कळीवर बसतो. हे थांबवावे. चार-पाच चालक वर्षभराच्या पगारावर ठेवावेत, पावसाळ्यात त्यांच्याकडूनच पाळणे उघडून घ्यावेत, आणि आयटीआयमधले फिटर व इलेक्ट्रिशियन शिकाऊ म्हणून घ्यावेत. ज्याने सांधा स्वतः खोलून पाहिला आहे, तो चालू पाळण्याचा वेगळा आवाज ओळखतो.

बँकेकडे हप्ता चुकण्यापूर्वी जावे. थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की खाते अनुत्पादक (एनपीए) ठरते आणि मग शाखाधिकाऱ्याच्या हाती फारसे उरत नाही. पावसाळ्यातले हप्ते लहान आणि मे-जूनमधले मोठे, अशी हंगामी परतफेड मागताना वर सांगितलेली पाळण्यांची वही सोबत न्यावी.

जाहिरातीवर पहिल्या वर्षी फार खर्च करू नये. महामार्गावरच्या फाट्यावर एकच मोठा फलक असावा आणि त्यावर रंगीत चित्रांऐवजी आज चालू असलेले पाळणे, उघडण्याची व बंद होण्याची वेळ आणि प्रवेशाचा दर लिहिलेला असावा. पाळणा दुरुस्तीसाठी बंद असेल तर त्याचे नाव खाली ‘आज बंद’ म्हणून लिहावे. हा मजकूर रोज सकाळी उद्यान उघडण्यापूर्वी बदलण्याचे काम एकाच माणसाकडे द्यावे, आणि बदललेल्या फलकाचा फोटो त्याने व्यवस्थापकाला पाठवल्याशिवाय तिकिटाची खिडकी उघडू नये.